आभाराची बाटली

आराबा न्यानेबाने उभ्या आयुष्यात एकदाच बढाई मारली आणि तीच तिला भोवली. एरवी बाई अशी की कुणाच्या घरातली भानगड कानावर आली तरी पोटात ठेवायची, ओठावर येऊ द्यायची नाही. सेकोंडीच्या मासळीबाजारामागे, आमच्या गल्लीत, ती केंकी करून विकायची. मक्याचं आंबवलेलं पीठ केळीच्या वाळक्या पानांत बांधायचं आणि मोठ्या हंड्यात तासन्‌तास उकडायचं. हे सगळ्याच करतात, पण तिच्या केंकीचा आंबटपणा इतका नेमका की बंदरावरचे हमाल दुसरीकडची केंकी घेऊन तिच्यासमोरून जाताना पिशवीचं तोंड दाबून धरायचे.

पण केंकी हा तिचा धंदा झाला. जीव रेकॉर्डींत होता. सतराव्या वर्षी ती बेंत्सिल म्युझिक स्टोअर्समध्ये कामाला लागली, तेव्हा रेल्वेचा कारखाना जोरात होता आणि पगाराच्या शनिवारी दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. गिऱ्हाईक यायचं आणि नुसतं गुणगुणायचं. गाण्याचं नाव माहीत नाही, गाणाऱ्याचं माहीत नाही, शब्द अर्धे चुकलेले. आराबा दुसऱ्या ओळीपर्यंतही थांबायची नाही. पाठ फिरवून नेमकी ती तबकडी काढायची, कडेला धरून फुंकर मारायची आणि लावायची. एकदा एका खलाशाने नुसता पायाने ठेका धरून दाखवला होता. त्यालाही तिने त्याची रेकॉर्ड काढून दिली.

दुकानाचा मालक आतो बेंत्सिल. सगळं गाव त्याला पापा आतो म्हणायचं, पण आराबाच्या तोंडी तो शब्द वेगळा होता. तिचा स्वतःचा बाप ती सहा वर्षांची असताना होडीतून आबिजानला मासेमारीला गेला, तो तिकडचाच झाला. तिच्या लग्नात बापाच्या जागी आतो बसला. नवऱ्याकडच्यांनी आणलेली मानाच्या दारूची बाटली त्यानेच स्वीकारली आणि पोरीला त्रास झाला तर गाठ माझ्याशी आहे, असंही त्यानेच ठणकावून सांगितलं. हसरा माणूस, पुढच्या दोन दातांत फट, डोक्यावर तिरपी टोपी. बोलायला असा गोड की तक्रार घेऊन आलेलं गिऱ्हाईक आणखी एक रेकॉर्ड घेऊन परत जायचं.

मग लष्कराचं राज्य आलं आणि रात्रीची संचारबंदी लागली. दोन वर्षं सेकोंडीत दिवस मावळला की कुत्रीसुद्धा अंगणाबाहेर पडत नव्हती. नाच बंद म्हणजे रेकॉर्डी बंद. संचारबंदी उठेपर्यंत कॅसेट आली होती. गावातल्या बाकीच्या दुकानदारांनी माल मिळेल त्या भावात फुंकून टाकला. लोकांनी तबकड्या गरम पाण्यात वाकवून फुलदाण्या केल्या, पोरांनी समुद्रात भिरकावल्या. आतोही विकायलाच निघाला होता. आराबाने विकू दिलं नाही. चौदाशे रेकॉर्डी तिने आणि तिच्या नवऱ्याने हातगाडीवरून टेकडीवरच्या आतोच्या घरी नेल्या आणि मागच्या खोलीत उभ्या लावल्या. खोलीची किल्ली आतोने तिच्याच हातात दिली.

पुढची सत्तावीस वर्षं ती दर शनिवारी ती टेकडी चढली. फुगवून सांगत नाही, नवरा गेला त्या आठवड्याचा शनिवार सोडला तर एकही चुकला नाही. वाळवी चढू नये म्हणून फळ्यांचे पाय रॉकेलच्या डब्यांत उभे केले होते, ते रॉकेल बदलायचं. एका शनिवारी शंभर तबकड्या काढायच्या, साबणाच्या पाण्यात पिळलेल्या मऊ फडक्याने गोल गोल पुसायच्या, मधल्या कागदाला थेंब लागू द्यायचा नाही, मग सावलीत वाळवायच्या. उत्तरेचा कोरडा वारा सुटला की धूळ आत येऊ नये म्हणून दाराच्या फटींत चिंध्या कोंबायच्या. पगाराचं नाव काढू नका. नाताळात एक कापड आणि कधीमधी कंदांची टोपली. आतो व्हरांड्यात खुर्ची टाकून बसायचा आणि आत ओरडून सांगायचा, आता ती लाव, आता ही लाव. आराबा लावायची. दोघांचा शनिवार मजेत जायचा, खोटं कशाला बोला.

आणि पुसता पुसता ती मनात दुकान मांडायची. स्वतःचं. कॅसेटवाल्यांसारखं रस्त्यावर कर्णा लावून बोंबलणारं नव्हे. गिऱ्हाईक आत येईल, स्टुलावर बसेल, आधी ऐकेल, मग घेईल, आणि नाही घेतलं तरी चालेल. तिची मैत्रीण एसी मान्सा तिच्या शेजारीच धुरावलेले मासे विकायची. केंकी एकीची, मासा दुसरीचा, गिऱ्हाईक दोघींचं. मान्सा म्हणायची की नाही घेतलं तरी चालेल म्हणणारी दुकानदारीण मी जन्मात पाहिली नाही, तू केंकीच विक.

ज्या वर्षीची ही गोष्ट, त्या वर्षी ईस्टरच्या रविवारी दोघी आतोकडे केंकी आणि मासळीचं कालवण घेऊन गेल्या. आतो तेव्हा ऐंशी पार केलेला. पोटभर जेवला, बोटं चाटली आणि म्हणाला, "आराबा, मागच्या खोलीतलं सगळं तुझं. मी मेलो की फीफी ते भंगारात घालेल. मी डोळ्यांनी बघतोय तोवर ने आणि दुकान काढ."

फीफी म्हणजे त्याच्या बहिणीचा मुलगा. आमच्यात माणूस गेला की त्याच्या चीजवस्तूवर भाच्याचा हक्क, म्हणून ज्याला दुसऱ्या कुणाला काही द्यायचं असेल तो जिवंतपणी देतो. पण नुसतं तोंडाने दिलं म्हणजे दिलं होत नाही. घेणाऱ्याने साक्षीला चार माणसं न्यायची आणि आभाराची बाटली पुढे ठेवायची. देणाऱ्याने काय दिलं ते मोठ्याने सांगायचं आणि मग ती बाटली सगळ्यांनी मिळून प्यायची. ह्याला असेदा म्हणतात. ते झालं की भाचा येवो नाहीतर भाच्याचा बाप येवो, वस्तू परत मागता येत नाही. ते झालं नाही तर दिलेलं सगळं जेवणावरच्या गप्पांत जमा. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, मग आराबाला नसेल कसं.

पुढच्याच शनिवारी ती दोन बाटल्या घेऊन गेली. अंगावर सणाचं पांढरं कापड, बरोबर मान्सा आणि चर्चमधले दोन वयस्क गृहस्थ. आतोने बाटल्यांकडे पाहिलं आणि खो खो हसला.

"ही परक्यांची रीत झाली," तो म्हणाला. "लेक बापाला बाटली देते होय? उजव्या हाताने घास भरवला म्हणून तोंड त्याचे आभार मानतं का? ने ती परत. मला लाजवू नकोस."

आराबा तिथेच रडली. चर्चमधल्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, पण म्हाताऱ्यापुढे बोलणार कोण. उतार संपला तशी मान्सा थांबली आणि म्हणाली, "आत्ताच्या आत्ता मागे जा. बाटली त्याच्या उंबऱ्यावर ठेव आणि पळत सुट. त्याने हाक मारली तरी वळू नकोस." आराबाला हे इतकं झोंबलं की तिने मान्साशी अबोला धरला. चार दिवस मान्साने आपली टोपली बाजाराच्या दुसऱ्या टोकाला मांडली आणि गिऱ्हाइकांना केंकी इकडे आणि मासा तिकडे घ्यावा लागला.

आणि मग ती बढाई. 'बाटली घेतलीच नाही त्यांनी. म्हणाले, लेकीकडून कोण घेतं?' हे तिने नळावर सांगितलं, चर्चच्या पायरीवर सांगितलं, हमालांना सांगितलं, शिंप्याला सांगितलं. प्रत्येक केंकीबरोबर ते फुकट वाढलं. पंचावन्न वर्षांची विधवा बाई, पण सांगताना चेहरा लग्न ठरलेल्या पोरीसारखा व्हायचा. सहा वर्षांची असल्यापासून ज्या शब्दाची वाट पाहिली तो तिला मिळाला होता, आता तो चारचौघांत मिरवू नको म्हणायचं कुणी. आम्ही सगळ्यांनी ऐकलं. ज्या म्हाताऱ्यांना त्यातली खोच कळली त्यांनी मान हलवली आणि केंकीचं पान सोडायला घेतलं. तिला तेव्हाच कुणीतरी कान धरून सांगायला हवं होतं. एकीने सांगितलं तर तिच्याशी अबोला, मग दुसरं कोण तोंड उघडतंय.

रेल्वे स्टेशनसमोर लॉटरीवाल्याची लाकडी टपरी रिकामी पडली होती, ती आराबाने घेतली. गाड्या कधीच बंद झालेल्या, पण समुद्रात तेल लागल्यापासून शेजारच्या ताकोराडीचे लोक सुट्टीला इकडे फिरकू लागले होते. सुताराला रॅकचं माप सांगितलं तर त्याने शाळेच्या वह्यांचे रॅक करून आणले. आराबाने कव्हरासकट एक तबकडी त्याच्या डोक्यावर ठेवली आणि म्हणाली, एवढी, आणि वर बोट जाईल इतकी जागा. दुसऱ्या खेपेला जमलं. चौदाशे मावतील असे रॅक, दोन स्टुलं, बाहेरून निळा रंग. पाटी रंगवणाऱ्याने नाव विचारलं तेव्हा तिला विचार करावा लागला नाही. 'बेंत्सिल आणि लेक'. पाटी बघायला अख्खी गल्ली गेली. मान्साही आली, तोवर दोघींचं सूत पुन्हा जुळलं होतं. ती एवढंच म्हणाली की रंग वाळायची वाट कसली बघतेस, आधी माल आण. आराबा म्हणाली, ओल्या रंगाच्या वाफेने कव्हरं एकमेकांना चिकटतात. तेही खरं आहे, चिकटतात.

त्याच आठवड्यात फीफीने एक गोरा आणला. जुन्या रेकॉर्डी विकत घेत गावोगाव फिरणारा, युरोपातला. आराबाने स्वतः त्याला खोली उघडून दिली. बाई हरखूनच गेली होती, कारण सत्तावीस वर्षांत तिच्या मेहनतीकडे बघून कुणी असा आ वासला नव्हता. तो एकेक तबकडी उजेडात धरून उलटसुलट बघायचा. तिने त्याला कुठलं गाणं कुणाच्या लग्नात गाजलं ते सांगितलं, स्टुलांचं सांगितलं, पहिल्या तारखेला दुकान उघडतंय तेव्हा या म्हणाली. तो हो हो म्हणत वहीत लिहीत राहिला. फीफी दारात उभा राहून त्या वहीकडे बघत होता.

पुढच्या शनिवारी तिची किल्ली कुलपाला लागेना. दोनदा फिरवून पाहिली, फुंकर मारली, तेल लावायला हवं असं स्वतःशी म्हणाली, आणि मग तिच्या लक्षात आलं की कुलूपच नवं आहे.

आतो व्हरांड्यात नेहमीच्या खुर्चीत होता. तिने विचारलं, पापा, कुलूप का बदललंत. त्याने टोपी काढली, तिच्या आत बघितलं, परत घातली. म्हणाला, फीफीला विचार, मला हे सगळं झेपत नाही आता. फीफी आतून आला. त्याने आडपडदा ठेवला नाही, तेवढा तो बरा. म्हणाला, "मावशी, त्या माणसाने जे देऊ केलंय त्यात मामाच्या घराचं छप्पर होईल, डोळ्यांचं ऑपरेशन होईल आणि वर उरेल. तुम्ही इतकी वर्षं सांभाळलंत, तुम्हाला काय मामा असंच सोडेल का?"

"पण ते माझं आहे," आराबा म्हणाली. फीफीला नाही, आतोला.

"मी सांभाळ म्हटलं होतं, पोरी," आतो म्हणाला. "आपलं समजून सांभाळ, असं म्हटलं होतं."

ती टेकडी उतरली ती घरी गेलीच नाही, सरळ एजा ओतूच्या अंगणात गेली. एजा ओतू म्हणजे बेंत्सिल कुळातले थोरले, नव्वदीला टेकलेले, पण कान तल्लख. त्यांनी मंगळवार दिला. मंगळवारी आमच्या होड्या समुद्रात जात नाहीत, त्यामुळे सगळे पुरुष घरी असतात आणि कज्जे त्याच दिवशी लागतात. बदामाच्या झाडाखाली पन्नासेक माणसं जमली, निम्म्यांच्या मांडीवर शिवायला घेतलेली जाळी.

मान्साने ईस्टरला जे ऐकलं ते जसंच्या तसं सांगितलं. आतोने आपलं 'समजून सांभाळ' सांगितलं. फीफीने पाटीचं काढलं. म्हणाला, तिच्या दुकानावरसुद्धा मामाचंच नाव आधी आहे, माल कुणाचा ते तिलाही ठाऊक होतं की. हे ऐकून आराबाने पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. ते नाव तिने कोणत्या मनाने लिहवून घेतलं होतं हे त्याला काय कळणार.

एजा ओतूंनी हात वर केला. म्हणाले, शब्दांचं राहू द्या, शब्द वाऱ्यावर जातात. बाटली झाली का?

"आणली होती," आराबा म्हणाली. "त्यांनी घेतली नाही."

"का घेतली नाहीस, आतो?"

आतोने टोपी गुडघ्यावर ठेवली होती, तिची कड तो बोटांनी दाबत होता.

"द्यायचं नव्हतं म्हणून," तो म्हणाला.

एजा ओतूंनी रीतीप्रमाणे विचारलं की बाटली घेतली असं सांगणारा कुणी इथे आहे का. सगळ्यांनी जाळ्यांत डोकी घातली. बाटली घेतली नव्हती हे त्या अंगणातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं आणि प्रत्येकाला ते आराबानेच सांगितलं होतं. तिच्याविरुद्ध साक्षीदार उभा करायची फीफीला गरजच पडली नाही. तिने स्वतःच पन्नास उभे केले होते, आणि त्यांतला मीही एक.

निकाल लागला. खोली आतोची, माल आतोचा, सांभाळल्याबद्दल त्याने तिचा मान राखावा. एजा ओतू वाईट माणूस नव्हे. त्यांनी रीत सांगितली आणि रीतीने पाहिलं तर निकाल बरोबरच होता. आराबाने निकाल ऐकला की नाही कोण जाणे. ती आतोच्या त्या एका वाक्यातच अडकून बसली होती. रेकॉर्डी गेल्या हे दुःख होतंच, पण ज्या दिवशी तो तिला लेक म्हणाला, ती आनंदाने रडली, तो दिवसच त्याने परत मागून घेतला. उतारावरून ती तरंगत आली होती तेव्हा तो वर खुर्चीत बसून काय विचार करत होता, हे तिला आता कळत होतं, किंवा आता कधीच कळणार नव्हतं. घरच्या माणसाने केसाने गळा कापला की रक्तसुद्धा दाखवता येत नाही.

मान्साचं म्हणणं की म्हाताऱ्याने पहिल्यापासून डाव टाकला होता. मला नाही तसं वाटत. ईस्टरला त्याने दिलं ते मनापासून दिलं असणार, आणि बाटली नाकारली तीही लाडानेच नाकारली असणार. पण मनापासून दिलेलं परत घ्यायची वेळ आली तेव्हा त्याने स्वतःचं ते मनच खोटं ठरवलं, आणि मला ते चोरीपेक्षा वाईट वाटतं. चोर निदान आधीचे दिवस तरी नेत नाही.

त्या संध्याकाळी आराबाने टपरीवरची पाटी नारळाच्या करवंटीने खरवडली. मान्सा तळलेला मासा घेऊन आली, शेजारी बसली, आणि 'मी सांगितलं होतं' हे शब्द तिच्या तोंडून तेव्हाही आले नाहीत, पुढेही कधी आले नाहीत.

दोन आठवड्यांनी ट्रक गेला. रस्ता बाजारातूनच आहे, आराबाच्या हंड्यासमोरून. मागचं फळकूट उघडंच होतं आणि आतली खोकी दिसत होती. तबकड्या आडव्या, एकीवर एक रचलेल्या. सत्तावीस वर्षांत तिने एकही आडवी ठेवली नव्हती. तिने हातातली केंकी गिऱ्हाइकाला दिली, सुट्टे पैसे दिले आणि मग आत जाऊन बसली. त्या दिवशीची उरलेली केंकी मान्साने विकली.

मग आतोचा निरोप आला. गोऱ्याने काही रेकॉर्डी बाजूला काढून ठेवल्यात, त्या तुझ्यासाठीच ठेवल्यात, येऊन घेऊन जा. मान्सा निरोप्यासमोरच म्हणाली की त्या म्हाताऱ्याला सांग, उष्टं कुत्र्याला घालतात. दोन दिवस आराबाने टपरीत बसून रिकाम्या रॅककडे बघितलं. गोऱ्याने टाकलेल्या म्हणजे ओरखडलेल्याच असणार, पण ओरखडलेली रेकॉर्ड वाजत नाही असं नसतं. सुई कुठे उचलायची आणि कुठे ठेवायची ते ठाऊक असलं की ती वाजते, आणि ते ठाऊक असलेली बाई सेकोंडीत एकच होती. दुकान तर काढायचंच होतं. ज्याच्यापायी मन मोडलं त्याच्यापायी दुकानही मोडायचं म्हणजे त्याला दोनदा जिंकू देण्यासारखं होतं. तिसऱ्या दिवशी तिने उलट निरोप धाडला. घेते. पण मंगळवारी येईन, चार माणसं घेऊन, बाटली घेऊन.

आतोने कळवलं, कशाला, मोडक्यातोडक्या वस्तूंना कसली बाटली. आराबाने कळवलं, बाटलीशिवाय त्या घरातली काडीही उचलणार नाही.

मंगळवारी चार माणसं नव्हे, अर्धी गल्ली टेकडी चढली. हमाल आले, शिंपी आला, चर्चमधले ते दोघेही आले. एजा ओतूंना खुर्चीसकट उचलून आणलं. ढीग व्हरांड्यातच होता, भिंतीला टेकवलेला, काहींना कव्हर, काहींना नाही. आराबाने गुडघा टेकवून बाटली एजा ओतूंच्या पायाशी ठेवली आणि मागे सरून उभी राहिली. त्यांनी झाकण उघडलं, पूर्वजांच्या नावाने जमिनीवर चार थेंब सांडले आणि रीतीप्रमाणे विचारलं, "आतो बेंत्सिल, ही बाटली कशाची? ह्या बाईला तू काय दिलंस? मोठ्याने सांग, पिणाऱ्यांना कळायला हवं."

"रेकॉर्डी," आतो म्हणाला.

"किती?"

आतोला माहीत नव्हतं. त्याने फीफीकडे पाहिलं. फीफी वाकून मोजू लागला, सगळे उभे राहून बघत होते. त्रेचाळीस भरल्या.

"त्रेचाळीस," आतो म्हणाला.

"कशा आहेत तेही विचारा," आराबा म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "उद्या मी चांगल्या नेल्या असं कुणी म्हणायला नको."

एजा ओतूंनी तिच्याकडे बघितलं, मग आतोकडे. "कशा आहेत?"

म्हाताऱ्याने टोपी काढली. "फुटक्या," तो म्हणाला. मागून कुणीतरी ऐकू आलं नाही म्हणालं, आणि त्याला पुन्हा सांगावं लागलं. "फुटक्या, ओरखडलेल्या. त्या माणसाने नको म्हटलेल्या."

"सत्तावीस वर्षांच्या," मान्सा म्हणाली, पण ते आपलं तिने स्वतःशीच म्हटलं.

पेला आधी आतोकडे गेला. त्याने घेतला. ह्या वेळी तो नको म्हणू शकत नव्हता, लाजवू नकोस म्हणू शकत नव्हता. त्याने प्यायला, मग एजा ओतूंनी, मग एकेकाने, आणि पेला अंगणभर फिरला. आराबाने ढिगातली एकेक तबकडी उचलून कडेला धरली, फुंकर मारली, आणि केंकीच्या मोठ्या घमेल्यात उभी लावली. मध्ये कापडाच्या घड्या घातल्या. कुणाला हात लावू दिला नाही.

माणसं पांगायला लागली तसा आतो खुर्चीतून उठला, भिंतीला धरून तिच्याजवळ आला आणि त्याने तिचा हात हातात घेतला. डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खोटं होतं असं मी म्हणणार नाही.

"झालं ना आता तुझ्या मनासारखं, पोरी?" तो म्हणाला.

आराबाने हात सोडवून घेतला, घमेलं उचलून डोक्यावर ठेवलं, नीट तोललं.

"झालं, बेंत्सिलसाहेब," ती म्हणाली. "आभारी आहे."

म्हाताऱ्याने मागे वळून पाहिलं, पाठीमागे दुसरं कुणी येऊन उभं राहिलंय की काय म्हणून.